आमचं गाव 'जोड्या लावा'मध्ये होतं

मागच्या महिन्यात भाचीचा अभ्यास घेत बसले होते. सातवीला आहे, कुठल्या तरी परीक्षेचं गाईड घेऊन आली होती आणि त्यात जोड्या लावा होत्या, धरणं आणि त्यांचे जलाशय. पोरगी हुशार, पटापट लावल्या. जायकवाडी नाथसागर, कोयना शिवसागर, पानशेत तानाजीसागर, उजनी यशवंतसागर. चारपैकी चार. आजी शेजारीच ताटात गहू निवडत बसली होती, वय पंच्याऐंशीच्या आसपास, ऐकायला कमी येतं तरी हे नेमकं ऐकू आलं तिला. मान वर न करता म्हणाली, "त्या येसवंतसागरात माझी हीर हाय."

भाचीला कळेना. हीर म्हणजे विहीर हे तिला मी सांगितलं, पण विहीर सागरात कशी असेल हे तिला कळेना. आणि मला एकदम लक्षात आलं की आपल्या घरातल्या या पोरीला, जिचा पणजा धरणग्रस्त होता, जिच्या आजोबाने प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी किती वर्षं हेलपाटे मारले, तिला हे कुणी सांगितलेलंच नाही. शाळेने नाही आणि आम्हीही नाही. मी स्वतः ही जोडी लावून मार्क मिळवलेले आहेत, आणि तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नव्हतं की हे आपल्याच गावाबद्दल विचारतायत.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. लोकांचा सरकारवर विश्वास का नाही यावर आपल्याकडे खूप बोललं जातं. टीव्हीवर बोलतात, ऑफिसात बोलतात, लग्नात जेवताना बोलतात. बहुतेकांचं म्हणणं असं की लोक अडाणी आहेत, कुणाच्या तरी सांगण्यावरून भडकतात, प्रत्येक प्रकल्पाला विरोध करायची सवयच लागलीय. मला हे पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की हा अविश्वास म्हणजे आठवण आहे, घराघरात जपलेली, आणि ती आठवण शाळेच्या पुस्तकात कुठेच नसल्यामुळे ज्यांच्या घरी ती नाही त्यांना ती आठवण आहे हेच माहीत नसतं, त्यांना फक्त समोरचा राग दिसतो.

उजनीचं काम साठच्या दशकात सुरू झालं आणि १९८० साली धरण पूर्ण झालं. भीमेचं पाणी मागे पसरत गेलं ते इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जतपर्यंत. नदीकाठची काळी जमीन होती ती, मळईची, जिथे कलिंगडं आणि वांगी व्हायची असं आजी सांगते. लोकांना दुसरीकडे, लाभक्षेत्रात जमिनी दिल्या, म्हणजे ज्यांना धरणाचं पाणी मिळणार त्या गावांत. कागदावर हे बरोबरच वाटतं. पण तिथल्या लोकांच्या जमिनी स्लॅब लावून, म्हणजे ठरावीक मर्यादेच्या वरच्या, काढून घेतलेल्या, ते आधीच चिडलेले, त्यांच्यात आमच्यासारखे परके जाऊन बसले. पहिली कित्येक वर्षं 'धरणग्रस्त' ही शिवी असल्यासारखी वापरली जायची हे दादा, म्हणजे माझे वडील, अजून सांगतात. शाळेत वर्गात बसायची जागासुद्धा वेगळी पडायची.

आबांची, म्हणजे आजोबांची, एक पत्र्याची पेटी आहे घरात. त्यात त्यांनी सगळे कागद ठेवले होते. भूसंपादनाची नोटीस, निवाड्याची नक्कल, मोबदल्याच्या हिशेबाचा कागद, जुना सातबारा, कब्जेपट्टी, आणि मग अर्ज, अर्ज, अर्ज. प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात आवक क्रमांकाचा शिक्का. आबांना सही करता यायची, त्यापलीकडे फारसं लिहिता यायचं नाही, अर्ज ते दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, पण शिक्का मात्र नीट बघून घ्यायचे, उमटला नसेल तर परत मारायला लावायचे. पेटीतले कागद घडीवर फाटलेत, कसर लागलीय, पण शिक्के वाचता येतात. एका अर्जात मागणी आहे की मिळालेल्या जमिनीपैकी काही भाग ओढ्यात आहे तरी मोजणी करून द्यावी. हाच अर्ज मला त्या पेटीत वेगवेगळ्या सालचे सात सापडले. मजकूर तोच, फक्त साहेबांचं पदनाम बदललेलं. शेवटचा अर्ज दादांच्या सहीचा आहे, कारण तोवर आबा गेले होते. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, लिहिण्यात अर्थ नाही, असं ऑफिस प्रत्येक जिल्ह्यात आहे.

आता अशा घरातल्या माणसाला उद्या कुणी येऊन सांगितलं की तुमची जमीन रस्त्याला लागतेय पण काळजी करू नका, चांगला मोबदला देऊ, तर तो काय म्हणेल? तो म्हणेल आधी लेखी द्या. आणि लेखी दिलं तर म्हणेल आमच्याकडे लेखी पेटीभर आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, की उजनीने सगळ्यांचं वाटोळं केलं असं नाहीये. सोलापूर शहर ते पाणी पितं. काठावर ज्यांची थोडी जमीन उरली त्यांनी मोटारी टाकून पाणी उचललं, ऊस केला आणि काहीजण चांगले वर आले. आमच्याच भावकीतले काहीजण आहेत असे. धरण नको होतं असं मी म्हणत नाही, आजीही म्हणत नाही. तिचं म्हणणं एवढंच असतं की आम्ही दिलं ते कुणाला माहीत तरी पाहिजे. आणि ते कुणाला माहीत नाही. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी बघायला पुण्यामुंबईच्या गाड्या येतात, बोटीतून फिरवतात, फोटो चांगले येतात, पण ज्या पाण्यावरून बोट जाते त्याच्या खाली गावठाण आहे हे किती जणांना ठाऊक असेल? उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ वर येतं, पेपरात बातमी येते, लोक व्हिडिओ काढायला जातात. आणि २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळात उलटून सहा माणसं गेली तेव्हा लोक विचारत होते की हे लोक कशाला जातात बोटीने? कारण मधे पाणी आहे म्हणून. ज्या गावांत जा-ये होती, सोयरिकी होत्या, त्यांच्या मधे चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाणी आहे आणि रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा आहे म्हणून. हा इतिहास माहीत असता तर तो प्रश्न कुणी विचारला नसता.

बरं, उजनी पहिलं नाही. याची सुरुवात बघायची तर मुळशीला जावं लागतं, १९२१ सालात. मुंबईच्या गिरण्यांना वीज पाहिजे म्हणून टाटा कंपनीने मुळशी पेट्यात धरण घ्यायचं ठरवलं, पन्नासच्या वर गावं त्यात जाणार होती, भातखाचरं होती, जमिनीचे कागद बऱ्याच ठिकाणी सावकारांच्या नावावर आणि कसणारे मावळे, म्हणजे तिथले शेतकरी, वेगळे. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे जाऊन बांधकामाच्या जागेवर बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची शपथ. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती हे नाव याच लढ्याने दिलं, विनायकराव भुस्कुटे बरोबर होते, बायका तुरुंगात गेल्या. तीनेक वर्षं चाललं, मग फूट पडली, मोबदला घेणारे वेगळे झाले, शेवटी बापटांनी रेल्वे अडवली त्यात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि धरण झालं. जगातला धरणाविरुद्धचा पहिला संघटित लढा म्हणून अभ्यासक याच्याकडे बघतात. माझ्या शाळेत सेनापती बापट होते, पण ते 'सेनापती बापट रोड'पुरते आणि क्रांतिकारकांच्या यादीपुरते. मुळशीत नेमकं काय झालं, कुणाची जमीन गेली, कुठल्या कायद्याने गेली, हे मी तिशीत वाचलं.

आणि खरी मेख त्या कायद्यातच आहे. मुळशीच्या जमिनी घेतल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने, इंग्रजांच्या. कलम ४ ची नोटीस निघायची, सार्वजनिक कामासाठी जमीन पाहिजे एवढं सरकारने म्हटलं की झालं, तुम्ही मोबदला कमी आहे म्हणून भांडू शकता, जमीन देणार नाही असं म्हणून भांडण्यात काही हशील नाही. मग १९४७ आलं. पुस्तकात तिथे एक मोठी रेघ आहे, त्या रेघेच्या अलीकडे जुलमी सरकार आणि पलीकडे आपलं सरकार. कोयनेचं काम १९५४ च्या सुमारास सुरू झालं. शंभराच्या आसपास गावं उठली, लोक सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड, रत्नागिरी असे कुठे कुठे विखुरले, आणि त्यांना आलेली नोटीस कुठल्या कायद्याची होती? १८९४ च्याच. माझ्या आबांच्या पेटीतली नोटीसही त्याच कायद्याची आहे, फक्त वरचा मुकुट जाऊन तीन सिंह आलेत. हा कायदा रद्द होऊन नवा लागू झाला १ जानेवारी २०१४ ला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सहासष्ट वर्षं, तीन पिढ्या, शेतकऱ्याच्या दारात सरकार जमिनीसाठी यायचं ते इंग्रजाच्याच कायद्याचा कागद घेऊन.

हे नागरिकशास्त्राच्या तासाला सांगितलं असतं तर? आम्हाला तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी यांची उतरंड पाठ करायला लावली होती, कुणाची कामं काय ते पाच मुद्द्यांत. पण जिल्हाधिकाऱ्याला हे अधिकार आले कुठून, ते कुणासाठी बनवले होते, स्वातंत्र्यानंतर त्यातलं काय बदललं आणि काय तसंच राहिलं, यावर एक ओळ नाही. मग ज्या घरात ती नोटीस आली नाही त्या घरातलं मूल समजतं की सरकार म्हणजे पाठीमागे उभी असलेली एक भली व्यवस्था, आणि ज्या घरात आली त्या घरातलं मूल समजतं की पुस्तक आपल्यासाठी लिहिलेलंच नाही.

पुढे यातलं पहिलं मूल स्पर्धा परीक्षा देतं. मी एकदा एका जनसुनावणीला गेले होते, मैत्रिणीच्या गावची जमीन जाणार होती म्हणून. मंडपात खुर्च्या, समोर टेबलावर साहेब, तरुण, माझ्याच वयाचे असतील, बोलणं अगदी नम्र. एक म्हातारे उठले, हातातली पिशवी उघडली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. जुन्या एका तलावासाठी त्यांच्या वडलांची जमीन गेली होती त्याचा निवाडा होता. साहेबांनी तो हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "काका, हा जुना विषय आहे, आपण आजच्या प्रकल्पाबद्दल बोलूया ना." उद्धटपणा काही नव्हता त्यात. त्यांना खरंच वाटत होतं की हा विषय वेगळा आहे. म्हातारे काही बोलले नाहीत, कागद परत गुंडाळला आणि जाऊन बसले, आणि मग मंडपात जो गोंधळ सुरू झाला तो शेवटपर्यंत थांबला नाही. साहेबांना तो का झाला हे मला वाटतं आजही कळलेलं नसेल. त्यांनी परीक्षेत धरणांच्या जोड्या लावलेल्या असणार, माझ्यासारख्याच.

कोकणात बारसूला २०२३ च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठी नुसतं माती परीक्षण करायला पथक आलं तर बायका रस्त्यावर झोपल्या. पुरंदरच्या विमानतळासाठी सात गावांची नावं निघाली तर लोक ड्रोन उडवू देईनात. दरवेळी शहरात विचारतात, अहो अजून तर सर्व्हेच चाललाय, एवढं काय घाबरायचं? त्यांना हे माहीत नसतं की गावाकडे सर्व्हे हा शब्दच असा आहे की त्याच्या मागून काय काय येतं ते लोकांनी बघितलेलं आहे. दगड रोवला की जमीन गेली, हे गणित कुणी बाहेरून येऊन शिकवत नाही, ते घरीच असतं. प्रकल्प चांगला की वाईट हा वेगळा वाद आहे, तो घालावा, मी आत्ता त्यात पडत नाही, पण लोकांना कुणी भडकवलं म्हणून ते उठले असं म्हणणाऱ्यांनी एकदा कोयनानगरला जाऊन यावं. धरण होऊन पन्नास वर्षं उलटल्यावर, २०१८ मध्ये, तिथले धरणग्रस्त भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दल या धरणग्रस्तांसाठी लढणाऱ्या संघटनेबरोबर ठिय्या देऊन बसले होते आणि मागणी काय, तर जमीन. जी १९६० च्या आसपास मिळायला पाहिजे होती ती. पुनर्वसनाआधी पाणी अडवू नका हे महाराष्ट्रात आजही का ओरडून सांगावं लागतं त्याचं उत्तर तिथे बसलेलं होतं.

शहरातल्या लोकांनाही असा अनुभव आहे, फक्त तो विसरला गेलाय. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण पूर्ण व्हायच्या आतच त्यात पाणी भरलेलं, भिंत खचायला लागली, लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती टाकत होते आणि खाली पुणं झोपलं होतं. सकाळी धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. शहराला वेळेवर आणि स्पष्ट सांगितलं गेलं नाही ही जखम त्या पिढीची शेवटपर्यंत राहिली, ज्यांचे आईवडील तेव्हा पुण्यात होते त्यांनी हे घरी ऐकलंय. चौकशीला न्यायमूर्ती बावडेकर नेमले, चौकशी चालू असतानाच त्यांचा मृत्यू झाला, मग न्यायमूर्ती नाईक आले. अहवाल आला. पण कोणाची काय चूक, कुणी कुणाला कधी कळवायला पाहिजे होतं, हे कुठल्या शाळेत शिकवलं? पुण्यातल्या शाळांत तरी शिकवलं? तानाजीसागर तेवढं पाठ केलं. आणि मग २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत पहाटे घरात पाणी शिरलं आणि लोक तेच म्हणत होते, आम्हाला सांगितलंच नाही. त्रेसष्ट वर्षांनी तेच वाक्य. पानशेत जर प्रत्येक पुणेकर पोराला धडा म्हणून शिकवलं असतं, तर पाणी सोडण्याआधी काय काय व्हायला पाहिजे हे विचारणारे हजारो लोक आज शहरात असते आणि विचारलं जाणार हे माहीत असणारे अधिकारीही असते.

आता मला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते ते सांगते. फॅमिली ग्रुपवर जे लांबलचक मेसेज येतात, खोट्या इतिहासाचे, त्यातल्या बऱ्याच मेसेजची सुरुवात बघा. "हे तुम्हाला शाळेत कधीच शिकवलं गेलं नाही." पुढे जे असतं ते बहुतेक वेळा धादांत खोटं, कुणाचा तरी द्वेष पसरवणारं असतं. पण हे पहिलं वाक्य खरं असतं ना! लोकांना अनुभवाने माहीत असतं की शाळेत खूप काही शिकवलेलं नाही, स्वतःच्या घरात घडलेलं शिकवलेलं नाही, म्हणून पहिल्या वाक्याला मान हलते आणि मग मान हललेलीच राहते. शाळेने जागा मोकळी ठेवली आणि तिथे हे येऊन बसले.

एक उदाहरण. पोलिओच्या डोसाने मुलं होणं बंद होतं अशी अफवा देशाच्या काही भागांत कित्येक वर्षं होती, कार्यकर्त्यांना लोक दारातून परत पाठवायचे. अफवा खोटीच होती आणि तिने मुलांचं नुकसान केलं. पण लोकांना नेमकं हेच का वाटलं? डोसाने ताप येईल, आजार होईल, असं काही न वाटता नसबंदीच का डोक्यात आली? कारण आणीबाणीत ती झाली होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांच्या वर नसबंदीची ऑपरेशनं झाली, त्यातली कितीतरी दडपणाखाली, कोटा पूर्ण करायला. आणि आपल्याला हे कुणी सांगत नाही की तीन मुलं झाल्यावर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक देशात पहिल्यांदा मंजूर केलं ते महाराष्ट्राच्या विधिमंडळाने, १९७६ साली. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच. आपल्या पुस्तकात आणीबाणी म्हणजे तारीख, अटक झालेल्या नेत्यांची नावं आणि १९७७ ची निवडणूक. गरिबाच्या अंगाला सरकारने हात लावला तो भाग नाही. मग ज्यांच्या वस्तीत नसबंदीला नेणाऱ्या गाड्या आल्या होत्या त्यांनी तो आपापल्या पद्धतीने पुढच्या पिढीला सांगितला, अर्धा खरा, अर्धा वाढवलेला, आणि तीस वर्षांनी डोस घेऊन दारात आलेल्या आशाताईला त्याची किंमत मोजावी लागली. तिला हा इतिहास माहीत असता तर ती वेगळं बोलली असती. निदान लोक मूर्ख आहेत असं मनात घेऊन परत गेली नसती.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं, आणि देणारे लोक वाईट नसतात, त्यात माझ्या ओळखीचे दोन-तीन शिक्षकही आहेत. ते म्हणतात की लहान वयात मुलांना सरकारच्या चुका सांगितल्या तर त्यांचा सगळ्यावरचाच विश्वास उडेल, देशाबद्दल प्रेम राहणार नाही. मला वाटतं आपण पोरांना फारच कच्चं समजतो. पोरांना घरात सगळं दिसतं. रेशनच्या दुकानात काय होतं, दाखला काढायला बापाला किती वेळा जावं लागलं, कुणाला किती द्यावे लागले, हे त्यांना आपल्याहून आधी कळतं. आणि आपण महाराष्ट्रातले लोक इतिहासावर इतके भांडतो, कुठल्या राजाला किती पानं, कुणाचं नाव कसं लिहायचं, त्यासाठी मोर्चे निघतात, पुस्तकं मागे घेतली जातात. त्या सगळ्या भांडणात गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास कुठे आहे असं कुणी विचारत नाही. देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं आपल्या राज्यात आहेत, म्हणजे धरणासाठी उठलेली घरंही आपल्याकडे कमी नसणार, आणि त्यांना पुस्तकात एक अख्खा धडा नाही. माझ्या वेळी तर नव्हताच.

आणि दुसरं असं, की हे गाळल्याने फक्त सरकारच्या चुका झाकल्या जातात असं नाही. सरकारकडून लोकांनी जे करून घेतलं तेही त्याच्याबरोबर जातं. याचं मला जास्त वाईट वाटतं. १९७२ चा दुष्काळ घ्या. आजी खडी फोडायला गेलेली आहे, मुलं खडीच्या ढिगावर झोपवून. मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि सुकडी, दुष्काळात मिळायचं ते खाणं, हे दोन शब्द त्या पिढीतल्या कुणापुढेही काढा, तासभर बोलतात. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. ही कामं आपोआप निघाली नव्हती, त्यासाठी तहसीलवर मोर्चे निघाले, घेराव झाले, सगळ्या पक्षांच्या संघटनांनी जोर लावला. आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्यासारख्या माणसाने डोक्यात धरून ठेवलेली कल्पना त्यातून रोजगार हमी योजना म्हणून उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला, मागेल त्याला काम. अख्ख्या देशाने २००५ साली त्यावरून कायदा केला. १९७२ ला एवढं पीक गेलं तरी महाराष्ट्रात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली नाहीत याचं एक मोठं कारण ती कामं होती. पुनर्वसनाचंही तसंच. देशात पहिला पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला १९७६ ला, आणि तो झाला कारण बाबा आढावांसारखे लोक आणि ठिकठिकाणचे धरणग्रस्त परिषदा घेत, मोर्चे काढत ओरडत होते, आधी पुनर्वसन मग धरण. आमच्या आबांना तो कायदा पुरता मिळाला नाही, पण नंतरच्यांना थोडाफार मिळाला.

ही गोष्ट मुलांना सांगितली तर विश्वास उडेल का? मला तर उलट वाटतं. आबा सात अर्ज करून गेले, पण त्यांच्यासारख्या हजारोंच्या ओरडण्याने कायदा झाला, हे मला दहावीत कुणी सांगितलं असतं तर मी सरकार म्हणजे नशीब असं समजून मोठी झाले नसते. आमच्या घरात तसंच समजतात. दादा अजूनही म्हणतात, "सरकारशी कोण भांडणार." त्यांना हे माहीतच नाही की लोक भांडले होते, जिंकलेही होते, त्यांच्या डोळ्यांदेखत.

पुस्तक बदलायला वेळ लागेल, समित्या असतात, राजकारण असतं, मला ते कळतं. पण परिसर अभ्यास नावाचा विषय आहेच की. प्रकल्पवहीत मुलं दरवर्षी फुलांची चित्रं आणि किल्ल्यांची कात्रणं चिकटवतात. त्याऐवजी एका वर्षी तरी पोरांना सांगावं, आपल्या गावातून कोण कुठून आलं ते विचारून या, कुणाची जमीन कशाला गेली ते विचारून या, घरात जुना कागद असेल तर बघा त्यावर कुठला कायदा लिहिलाय. गावात तलाव असतो, एमआयडीसी असते, रस्ता असतो, काही ना काही सापडतंच. मग तलाठी कार्यालयातून एक नक्कल काढून आणायला लावा. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज वर्गात बसून लिहायला लावा, फी दहा रुपये आहे, आणि उत्तर किती दिवसांत यायला पाहिजे आणि किती दिवसांत आलं हे फळ्यावर लिहा. यात सरकारविरोधी काही नाही. सरकार कसं चालतं ते यातून कळेल आणि कुठे अडतं तेही कळेल, आणि पुढे तेच पोरगं साहेब होऊन एखाद्या मंडपात बसलं आणि समोर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद आला, तर तो वाचायचा असतो एवढं त्याला माहीत असेल.

भाचीने त्या दिवशी जोड्या लावायचं सोडून दिलं आणि आजीला विचारत बसली. कुठे होती विहीर, किती खोल होती, पोहायचा का तुम्ही. आजीला घराचं फार काही सांगता आलं नाही, घर म्हणजे चार खण होते म्हणाली, पण शेताची नावं तिला एकूण एक पाठ होती. भाचीने ती गाईडच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून घेतली, आजी सांगेल तशी, स्पेलिंग आपलं आपणच ठरवून. चिंचेची पट्टी. वरला माळ. डोहाकडची मळई. विहिरीचं. धाकलीचं वावर. लिहून झाल्यावर तिने विचारलं, यातलं पाण्यात काय काय आहे? आजी म्हणाली, वरला माळ सोडून सगळं. भाचीने पेन्सिल घेतली आणि बाकीच्या चारांपुढे निळी रेघ ओढली.